काचा विसळलेले पाणी

हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही; म्हणून आधीच क्षमा मागते. अठ्ठावीस वर्षे मी गंगापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. त्या काळात माझ्या हातून जे काही लिहिले गेले ते फळ्यावर, आणि तास संपला की मीच ते पुसले. चार पाहुण्यांसमोर बोलायचे झाले तरी मी वाक्य आधी मनात जुळवून घेते, आणि तोवर विषय बदललेला असतो. अशा माणसाने छापून येण्यासाठी काही लिहावे हा आगाऊपणाच आहे. पण एक गोष्ट वेळेवर तोंडाने सांगायची राहिली, ती निदान कागदावर मांडावी असे निवृत्तीनंतर वाटू लागले. ती माझ्या अर्धवट राहिलेल्या संशोधनाची आहे. त्यातला शास्त्राचा भाग मी अकरावीच्या वर्गात सांगत असे तसाच सांगायचा प्रयत्न करीन.

पीएच.डी.साठी नाव नोंदवले तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती, यजमानांची नोकरी परगावी होती, आणि एम.एस्सी.च्या वेळी मनात आलेली एक इच्छा इतकी वर्षे कोणाला न सांगता तशीच राहिली होती. शहरातल्या एका जुन्या महाविद्यालयात संशोधन केंद्र होते. मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मुलीच मुली बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठली आणि मला जागा देत म्हणाली, "बसा ना मावशी. तुमची मुलगी आत गेली का?" मी बसले. मुलगी नाही, मीच आले आहे, हे सांगण्याचे धैर्य होण्याआधी आतून माझे नाव पुकारले गेले.

माझे मार्गदर्शक माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होते. मी त्यांना सर म्हणे, ते मला मॅडम म्हणत, आणि खोलीत आधी कोणी बसायचे यावरून आम्हा दोघांचेही दर वेळी काही क्षण जात. ते हुशार होते, आणि सतत घाईत असत. सकाळचे तास गंगापूरला, दुपारच्या एस.टी.ने परत, आणि अडीच ते सहा प्रयोगशाळा, असा माझा दिवस ठरून गेला.

विषय होता द्रवस्फटिकातल्या नक्षीचा. द्रवस्फटिक म्हणजे घड्याळाच्या किंवा कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतो तो पदार्थ. तो तेलासारखा वाहतो, पण त्याचे लांबट रेणू साधारणपणे एकाच दिशेला लागलेले असतात. दोन काचांच्या मध्ये त्याचा केसाहूनही पातळ थर भरायचा. काचांच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप असतो. त्यावर आणखी एक लेप देऊन तो मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने घासायचा, म्हणजे रेणू त्या दिशेने नीट पडून राहतात. काचांच्या अशा भरलेल्या जोडीला आम्ही सेल म्हणत असू. मग तिला वीज जोडायची, दर सेकंदाला कित्येकदा दिशा बदलणारी, आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत सूक्ष्मदर्शकातून पाहत राहायचे.

बराच वेळ काहीच होत नाही. पाच व्होल्ट, सहा व्होल्ट. नजरेसमोर एकसारखा राखाडी उजेड. आणि मग एका ठरावीक व्होल्टेजला, जणू कोणी आतून हात फिरवावा तसे, समांतर पट्टे उमटतात. उजळ आणि काळे, अगदी सारख्या अंतराने, खळ घातलेल्या साडीच्या निऱ्यांसारखे. व्होल्टेज थोडे कमी केले की ते विरतात. वाढवले की पुन्हा उभे राहतात. आणखी वाढवत गेले तर पट्टे नागमोडी होतात, मग त्यांना आडवे छेद जाऊन जाळी तयार होते, आणि शेवटी सगळे मोडून नुसती खळबळ उरते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी त्या दिवशीची गंगापूरहून आलेली सगळी धूळ विसरले होते.

हे का होते, तेही सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. त्या द्रवात विद्युतभार असलेले अशुद्धीचे कण असतात. त्यांना आयन म्हणतात. रेणू किंचित कलले की हे आयन जागोजागी गोळा होतात, विजेच्या ओढीने सरकतात, त्यांच्याबरोबर द्रव फिरू लागतो, आणि फिरणारा द्रव रेणूंना आणखी कलवतो. एका मर्यादेपर्यंत थर हे सहन करून शांत राहतो. मर्यादा ओलांडली की त्याला शांत राहता येत नाही. म्हणजे अगदी शुद्ध पदार्थात हे पट्टे उमटणारच नाहीत. थोडी अशुद्धी लागतेच. ती किती आहे हे मात्र प्रयोग करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

माझे काम साधे होते. मूळ पदार्थात एक रंगद्रव्य थोड्याथोड्या वाढत्या प्रमाणात मिसळायचे आणि दर वेळी पट्टे किती व्होल्टला उमटतात ते मोजायचे. रंगद्रव्याचा काही परिणाम होतो का, एवढाच प्रश्न.

प्रयोगशाळेतले सेवक निवृत्तीला आलेले होते. सगळा विभाग त्यांना मामा म्हणे. मूळचे कन्नड तालुक्यातले, पण तरुणपणीच शहरात आलेले. घरात दखनी, आमच्याशी मराठी, आणि मनात येईल तसे दोन्हीचे मिश्रण. रोज मी आत शिरले की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "क्या मॅडम, निकले क्या तुमचे पट्टे?" एकदा मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिले.

"हौ, दिखरे," ते म्हणाले. "एकदम सरळ हायेत."

"थांबा मामा, थोडं वाढवते. आता जाळी होईल."

"अरे, चौकडा बी निघाला!" त्यांनी डोळा न काढताच मान हलवली. "मॅडम, इत्ता खटाटोप कायकू केला? मला सांगितलं असतं तर मी घरून लुंगी आनली असती."

हसताना माझा हात लागून टेबल हलले, आणि त्या दिवसाचे मोजमाप वाया गेले.

त्याच सुमारास दुष्काळाची दोन वर्षे लागोपाठ आली. आम्ही राहत होतो तो शहराच्या कडेचा सातारा नावाचा परिसर तेव्हा झपाट्याने वाढत होता. बायपासच्या पलीकडे एक इमारत पुरी होण्याआधी दुसरीचा पाया खणला जाई, तिच्यासाठी नवे बोअर घेतले जाई, आणि आमच्या बोअरचे पाणी आणखी खाली जाई. महापालिकेचा नळ आमच्या बाजूला पोहोचलेलाच नव्हता. टँकर येई, आणि टँकरचे पाणी बादलीत राहिले की सकाळी कडेने पांढरी रेघ उमटलेली असे. घरात तांदूळ धुतलेले पाणी कुंडीला, कपड्यांचे शेवटचे पाणी फरशीला आणि फरशीचे संडासात, असा क्रम लागून गेला होता. कोणते पाणी कितव्या फेरीचे आहे हे भांड्याच्या जागेवरून कळे. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नसे. पाणी टाकून देणे ही क्रियाच त्या दोन वर्षांत आमच्या हातांतून गेली होती.

प्रयोगशाळेतही वेगळे काही नव्हते. डिस्टिल्ड पाणी तयार करायच्या उपकरणाला थंड ठेवण्यासाठी नळाचे पाणी सतत वाहते लागते. लिटरभर शुद्ध पाण्यासाठी बादल्याच्या बादल्या वाहून जातात. ते उपकरण अर्थातच बंद झाले. डिस्टिल्ड पाणी बाहेरून कॅनमध्ये येऊ लागले, आणि कॅनच्या कपाटाची किल्ली मामांकडे असे. सेल तयार करण्याआधी काचा साबणाच्या द्रावणात धुवायच्या, मग ड्रममधल्या साध्या पाण्यात, म्हणजे टँकरच्याच, आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यात तीनदा विसळायच्या, अशी पद्धत होती.

"मॅडम, तुम्हाला हफ्त्याला एक लिटर," मामांनी पहिल्याच दिवशी मापाचे नळकांडे माझ्यासमोर धरले. "जास्ती मागू नका. केमिस्ट्रीवाले माझा जीव खातेत."

मी जास्त मागितले नाही. दुसरी कोणी असती तर सरांकडे गेली असती, चिठ्ठी आणली असती. मला एका लिटरमध्ये भागवणे सोपे वाटले.

दीड वर्ष मी मोजत राहिले. रंगद्रव्य जसजसे वाढवत गेले तसतसे पट्टे उमटण्याचे व्होल्टेज उतरत गेले. आलेखावर बिंदू मांडले तर पट्टी ठेवून रेघ ओढावी असे एका ओळीत. सरांनी तो आलेख हातात धरून खिडकीपाशी नेला.

"मॅडम, हे तुम्ही जुळवून तर नाही ना आणलं?" ते हसत म्हणाले.

"नाही सर. वहीत सगळं आहे."

"अहो, गंमत केली. फार छान आहे हे. फारच छान."

माझ्या कामाने कोणी इतके आनंदित झाल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग असावा. त्या संध्याकाळी रिक्षा न करता मी घरी चालत गेले. आम्ही एक शोधनिबंध लिहून पाठवला. प्रबंधाची तीन प्रकरणे त्याच रेघेवर उभी राहिली.

पुढच्या वर्षी धरण भरले. नळाला पाणी आले, उपकरण पुन्हा सुरू झाले, आणि डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या फडताळात ओळीने दिसू लागल्या. निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांचे पत्र आले, त्यांनी काही बिंदू पुन्हा मोजून दाखवा असे सुचवले होते. त्यात कठीण काही नव्हते. मी नवे सेल बनवले आणि मोजले.

रेघ नव्हती. रंगद्रव्य कमी असो की जास्त, पट्टे जवळपास एकाच व्होल्टेजला उमटत होते. मी तीन आठवडे पुन्हा पुन्हा मोजले. अखेर सरांना सांगावेच लागले. त्यांनी जुना आलेख काढून नव्याच्या शेजारी ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आधीच्या सेलमध्ये बाहेरून आयन आले होते. पाण्यातून. दुसरं काय असणार?"

माझी नोंदणीची मुदत मार्चअखेर संपत होती. तीन प्रकरणे पुन्हा करायची तर निदान दीड वर्ष हवे होते. मुदतवाढ मिळू शकत होती, पण नियम असा होता की उशीर संशोधकाच्या चुकीने झालेला नसावा. केंद्राच्या सोयींमधल्या दोषामुळे झाला असेल तर मिळे. तो नियम दाखवून सरांनी मामांना बोलावून घेतले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होते.

"मामा, खरं सांगा. त्या दोन वर्षांत कॅनमध्ये कधी टँकरचं पाणी भरलं होतं?"

"नाय सर."

"पाणी कमी पडलं असेल, कोणी मागितलं असेल..."

"सर, कॅनचं सील मी तोडायचो. माझ्याशिवाय कोन हात लावत नव्हतं. मी कायकू भरू टँकरचं?"

"मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण कागदावर काहीतरी यावं लागतं. एक खुलासा लिहून द्या, आम्ही मेमो काढतो, तुम्ही उत्तर द्या, संपलं."

"मेमो?" मामांनी माझ्याकडे पाहिले. "चार महिने राहिले सर माझे. तीस सालात एक बी कागद नाय माझ्या नावाचा."

"अहो, फॉर्मॅलिटी आहे ती. पेन्शनला काही होत नाही."

मामा गेले. सरांनी अर्जाचा मसुदा मला दाखवला. "केंद्राने पुरवलेल्या डिस्टिल्ड पाण्यातील दोषामुळे" असे त्यात लिहिले होते. शुक्रवारपर्यंत सही हवी होती. तेव्हा मलाही तसेच वाटत होते, की दोष कॅनमध्येच असला पाहिजे. मामांनी मुद्दाम केले नसेल, पण झाले असेल.

बुधवारी आमच्या इमारतीतली मोटार बिघडली आणि घरात पाणी आले नाही. मी तांदूळ धुतले, धुवण एका पातेल्यात ओतले, आणि वर ताटली झाकून ते बाजूला ठेवले. ताटली ठेवताना हात थांबला. ही हालचाल मी स्वयंपाकघराबाहेरही करत आले आहे, असे मला वाटले, आणि पुढच्याच क्षणी कोठे, तेही आठवले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्या कपाटाच्या मागच्या बाजूला ते बीकर सापडले. शेवटच्या विसळण्याचे पाणी मी त्यात ठेवत असे, वर काचेची झाकणी घालून, आणि पुढच्या काचांना पहिल्यांदा तेच वापरत असे. ते पाणी स्वच्छच दिसे. मग कधीतरी दुसऱ्यांदाही तेच, आणि पुढे तिसऱ्यांदाही. असे करायचे मी कधी ठरवले नव्हते. वहीत रोज "डिस्टिल्ड पाण्यात तीनदा विसळले" असे लिहिलेले आहे, आणि ते लिहिताना मी खोटे लिहिते आहे असे मला एकदाही वाटले नाही. बीकरला आतून अर्ध्या उंचीवर पांढरी कडा होती. प्रत्येक काच साबणाचे आणि टँकरचे थोडे क्षार त्या पाण्यात सोडत गेली होती, आणि त्यातले थोडे पुढच्या काचेवर जात होते. रंगद्रव्यही मी महिन्यामागून महिने चढत्या क्रमानेच वाढवले होते. दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढत होत्या. आलेखावरची ती सरळ रेघ रंगद्रव्याची नव्हती; माझ्या त्या भांड्यातल्या पाण्याची होती. एकदा जरी मागे जाऊन कमी रंगद्रव्याचा सेल पुन्हा बनवला असता तरी ते उघडकीला आले असते. ते न करणे ही माझी दुसरी चूक.

खात्री करायला मी वीसेक फुटक्या काचांचे तुकडे तसेच साबणाने धुऊन, ड्रममधून काढून एकाच पाण्यात विसळले. ते पाणी वापरून एक सेल बनवला, ताजे पाणी वापरून दुसरा. दोन्हींत रंगद्रव्याचा थेंबही नव्हता. शुक्रवारी सकाळी रजा टाकून मी ते मोजले. पहिल्यात पट्टे लवकर उमटले, दुसऱ्यात उशिरा. फरक तेवढाच होता जेवढा माझ्या तीन प्रकरणांत होता.

त्याच दुपारी सरांनी अर्ज पुढे केला आणि मी त्यावर सही केली.

याचे कारण देण्याचा प्रयत्न मी अनेकदा केला आहे. सर घाईत होते. त्यांच्या खोलीत दुसरे कोणी बसले होते. वाक्य मनात जुळले नव्हते. हे सगळे खरे आहे. पण मुदतवाढ मला हवी होती, हेही खरे आहे. मी इतकी उशिरा निघाले होते की आता परत फिरण्याची कल्पनाही मला झेपत नव्हती. मेमो म्हणजे नुसती औपचारिकता, असे सरच म्हणाले होते. ते वाक्य मी जवळ धरून ठेवले.

मामांना मेमो निघाला आणि त्यांनी खुलासा लिहून दिला. दोन ओळींचा होता: कॅनचे पाणी बदललेले नाही, याहून अधिक मला माहीत नाही. त्यानंतरही ते मला रोज दारात भेटत. पट्ट्यांविषयी विचारायचे मात्र त्यांनी बंद केले. "या मॅडम," एवढेच म्हणत, आणि पंखा लावून जात. मी माझ्या टेबलापाशी बसे, सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावे, आणि कित्येकदा काहीही न मोजता सहा वाजता दिवा बंद करून उठे. एस.टी.त झोप लागायची, घरी लागायची नाही.

असे तेवीस दिवस गेले. चोविसाव्या दिवशी व्हरांड्यात मामा रिकामे कॅन धुऊन उपडे घालत होते. आसपास कोणी नव्हते. मी वाक्य न जुळवताच बोलायला लागले.

"मामा, तुमचं पाणी चांगलं होतं. चूक माझी आहे. मी काचा विसळलेलं पाणी परत परत..."

"मालूम है मेरेकू," ते म्हणाले. हातातला कॅन त्यांनी सावकाश खाली ठेवला. "मी रोज बघत होतो ना. वर काचेचं झाकन ठेवत होत्या तुम्ही. धूळ नको जायला म्हनून."

"मग खुलाशात का नाही लिहिलं?"

"काय लिवू? मॅडम पानी फेकत नव्हत्या, असं?" त्यांना खरोखर हसू आले. "ही काय तक्रारीची गोष्ट हाय? आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळ नव्हता. माझ्या घरवालीनं पानी फेकलं असतं तर मी बोललो असतो तिला. ठेवलं तर काय बोलनार?"

"पण तेव्हाच मला सांगायचं ना मामा. त्या वेळी."

"तुम्ही इत्त्या शिकलेल्या. मला वाटलं, तुमच्या शास्त्रात चालत असंल." मग खाली ठेवलेला कॅन उचलत, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "आता जाऊ द्या. सरांना नका सांगू. तुमचं काम होऊन जाईल. मेरा क्या, तीन महिने."

त्यांनी तसे म्हटले नसते तर कदाचित मला आणखी तेवीस दिवस लागले असते. मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, अर्ज विद्यापीठात गेलाय. मंजूर होईल बहुतेक. तुम्ही हे मला सांगितलंच नाही असं मी समजतो."

"सर, मी लेखी देते."

"म्हणजे काय होईल कळतंय ना? मुदतवाढ जाईल. मग नव्यानं नोंदणी, पुन्हा पहिल्यापासून."

"हो."

"त्या माणसाला काही होणार नव्हतं हो," ते हताशपणे म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. त्या निबंधावर त्यांचेही नाव होते, आणि तो त्यांनाही मागे घ्यावा लागणार होता. तो त्यांनी घेतला, मला एक शब्दही न बोलता, हे येथे नमूद केले पाहिजे.

मी पत्र दिले. दोन सेलच्या मोजमापांची प्रत त्याला जोडली. मुदतवाढ नाकारली गेली, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. मामांवरचा मेमो रद्द झाल्याचे सरांनी मला सांगितले. मामांना विचारले तर म्हणाले, "झाला असंल. कोन बघतंय." निरोप समारंभात त्यांना शाल दिली, त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि माझ्याशी इतरांइतकेच बोलले. नव्या नोंदणीचा अर्ज मी भरला होता. तो माझ्या पर्समध्ये एक उन्हाळाभर राहिला, मग घडीवर फाटला. दुसरा आणला नाही. तोवर मी पन्नाशीला आले होते आणि मला फार थकवा आला होता; त्याहून मोठे कारण शोधण्यात अर्थ नाही.

लोक समजतात की मला पीएच.डी. राहिल्याची खंत असेल. ती आहे, पण जुन्या दुखण्यासारखी, सवयीची. त्याहून वेगळेच काही मला अजून सुटत नाही. दीड वर्ष मी रोज एक चूक करत होते, आणि एक समंजस माणूस चार हातांवर उभे राहून ती रोज पाहत होता. त्याला ती चूक दिसली नाही. कारण मलाही ती दिसत नव्हती, आणि मला वाटते, त्या दोन वर्षांत या शहरात राहिलेल्या कोणालाच ती सहजी दिसली नसती. पण याची मला खात्री नाही, आणि तुम्ही हे वाचत आहात म्हणून तुम्हालाच विचारते. त्या दुष्काळात मामांच्या जागी तुम्ही दारात उभे असता, आणि मी ते पाणी झाकून ठेवताना तुम्ही पाहिले असते, तर तुम्ही मला काही बोलला असता का?